चौथ्या गटातल्या बायका

शिरूर अनंतपाळ आज लातूर जिल्ह्यातला एक लहान तालुका आहे. पण 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर वेगळा जिल्हा होईपर्यंत आमचा हा सगळा मुलूख उस्मानाबादेत मोडायचा. माझ्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर अजून तोच जिल्हा आहे. आता त्याचं नाव धाराशिव झालं. पण जगभरच्या वैद्यकीय लेखनात ‘उस्मानाबाद’ हेच नाव कायम राहिलं आहे. दुष्काळ किंवा भूकंप यांच्याशी त्याचा संबंध नाही. इथल्या 1 लाख 31 हजार 746 बायकांवर झालेल्या एका चाचणीमुळे हे नाव तिथं पोचलं. त्या चाचणीचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आजार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. आमच्याकडे कुणी तो शब्द वापरत नाही. ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं या गोष्टी नवऱ्याला सांगायच्या नाहीत, सासूला सांगायच्या नाहीत, आणि पुरुष डॉक्टरला तर नाहीच नाही. म्हणून बाई दवाखान्यात पोचते तेव्हा आजार बहुधा पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो. वास्तविक हा कॅन्सर हळू चालीचा आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर पेशी बिघडू लागतात, आणि त्या बिघाडाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून अधिक लागतात. इतका लांबचा इशारा देणारे कॅन्सर थोडेच. विषाणूचा हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं.

या कथेची सुरुवात बार्शीत होते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी उस्मानाबादेची माणसं बाजाराला आणि दवाखान्याला तिकडेच जात. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आणि 1987 साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यात घरी मेलेल्या बाईच्या मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहिलेलंच नसतं. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना भेटले, लक्षणं समजावली, संशय आला त्यांना तपासणीला आणलं. नोंदीसाठी सुरू केलेल्या या फिरतीचा एक वेगळाच परिणाम दिसला. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. नुसतं बोलण्यानेही फरक पडतो, हे बार्शीने 1990च्या दशकात आकड्यांनिशी दाखवलं.

पुढचा प्रश्न असा होता की, तपासणी करायची तर कोणती? श्रीमंत देशांत जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅप तपासणी रुळली होती. पेशी काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. तिला प्रशिक्षित डोळे आणि प्रयोगशाळा लागते. दुसरी अगदी स्वस्त: गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावायचं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, आणि मिनिटभरात एखादा भाग पांढरा पडतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. शिकवलेली नर्सही हे करू शकते. तिसरी नवी आणि महाग: विषाणूचा डीएनए शोधणारी.

1999 साली टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ही तुलना उस्मानाबादेत सुरू केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. प्रमुख संशोधकांत आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे भगवान नेने होते. गावांचे 52 समूह पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. प्रत्येक गटात 13 समूह. वाटणी बाईगणिक न करता गावगणिक केली, कारण एकाच गल्लीत एकीला बोलवायचं आणि शेजारणीला नाही हे जमणारं नव्हतं. वय 30 ते 59, निरोगी, पिशवी शाबूत असलेल्या बायका घेतल्या. पहिल्या गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात आम्लाची तपासणी. प्रत्येक तपासणी एकदाच. बोलावलेल्या दर पाच बायकांपैकी जवळपास चौघी आल्या. संकोचाच्या मुलखात हा आकडा लहान नाही. त्यामागे गावोगाव पायपीट करणाऱ्या कार्यकर्त्यांची मेहनत आहे.

चौथा गट 31,488 बायकांचा. त्यांना आजाराची माहिती मिळाली आणि ‘नेहमीची आरोग्यसेवा’. तपासणी मात्र नाही.

निष्कर्ष एप्रिल 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 जणी या कॅन्सरने गेल्या, चौथ्या गटातल्या 64. पुढच्या टप्प्यावर गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात 39, चौथ्या गटात 82. एकूण सापडलेले कॅन्सर मात्र अनुक्रमे 127 आणि 118. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर जास्त कसे, असा प्रश्न वाचकाला पडेल. तपासणीमुळे ते लवकर हाती लागले. म्हणूनच आकडा वाढला आणि मृत्यू कमी झाले. पॅपच्या गटात 54 आणि आम्लाच्या गटात 56 मृत्यू झाले. ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता आली नाही. ज्या बायकांमध्ये विषाणू सापडला नाही, त्यांना पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण फारच कमी निघालं. खेड्यातल्या बाईची आयुष्यात एकदाच तपासणी होणार असेल, तर ती कोणती असावी, याचं उत्तर जगाला इथं मिळालं.

हा शोधनिबंध वाचताना माझी नजर चौथ्या गटाच्या रकान्यावरच अडते. मी साधा त्रैराशिकाचा हिशोब केला: चौथ्या गटात मृत्यूचं प्रमाण एचपीव्ही गटाइतकं असतं, तर 64 ऐवजी सुमारे 31 मृत्यू झाले असते. म्हणजे 33 बायका. त्या कुठल्या, हे कधीच सांगता येणार नाही. आकडेवारीतला फरक माणसाचं नाव सांगत नाही.

यावर वाद झाला. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी भारतातल्या अशा चाचण्यांवर नैतिक आक्षेप घेतला. त्यांचा लेख 2014 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये आला. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत दिसलेलं असताना एक गट विनातपासणी ठेवायचाच कशाला, हा त्यांचा प्रश्न. संशोधकांच्या बाजूचं उत्तर असं, की भारतात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच होतं. आणि कोणती पद्धत इथं चालेल हे खरोखरच माहीत नव्हतं. या उत्तरात तथ्य आहे. इतर देशांत नावाजलेली पॅपही एकाच फेरीत इथं ठाम फरक दाखवू शकली नाही, हे चाचणीशिवाय कळलं नसतं. तरीही मला वाटतं, दोन्ही बाजू एका गोष्टीवरून लवकर पुढे सरकतात. चौथा गट संशोधकांनी निर्माण केला नव्हता, तो आधीच होता. त्यांनी फक्त त्यातल्या बायका मोजल्या. संशोधन झालं नसतं, तर उरलेले तीन गटही चौथ्यातच राहिले असते आणि 64 हा आकडा कुठल्याच कागदावर आला नसता.

मग मोजल्यावर काय बदललं? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने 1998 पासून दर दोन वर्षांनी आम्लाची तपासणी केली; चार फेऱ्यांनंतर मृत्यूंत 31 टक्के घट दिसली. हीच स्वस्त पद्धत पुन्हापुन्हा केली तर उपयोगी पडते, असा त्याचा अर्थ. 2016 साली केंद्र सरकारने तिशीपुढच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबाद आहे. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

तपासणी नाही, पण कॅन्सरची धास्ती मात्र आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्या जातात म्हणून 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य त्यातल्या कितीतरी जणींनी ऐकलेलं होतं. जी शंका एका साध्या तपासणीने फिटली असती, तिच्यासाठी शस्त्रक्रिया, कर्ज, आणि तरण्या वयात हाडं-कंबर धरणं. उस्मानाबादच्या चाचणीने जे शिकवलं त्याच्या नेमकं उलट हे होतं.

लसीच्या इतिहासातही असाच एक न ठरवलेला गट आहे. 2009 साली भारतात नऊ ठिकाणी एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू झाली. बार्शी त्यातलं एक. आंध्र आणि गुजरातेतल्या दुसऱ्याच एका लसप्रकल्पावरून वादळ उठलं आणि 2010 मध्ये सरकारने सगळंच लसीकरण थांबवलं. जवळपास 5 हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. पुढे त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा एका डोसनेही धोक्याच्या दोन मुख्य विषाणूंच्या टिकाऊ संसर्गापासून तीन डोसांइतकंच संरक्षण मिळाल्याचं दिसलं. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरतो असं म्हटलं, त्याच्या आधारात या अर्धवट राहिलेल्या मुली आहेत. गरीब देशांतल्या लसीकरणाचा खर्च त्यांच्यामुळे उतरला.

या दोन्ही ठिकाणी ज्यांना कमी मिळालं, त्यांच्याकडून जग सर्वांत जास्त शिकलं. वैद्यकाच्या इतिहासात अशांची नावं येत नाहीत, गटाचा क्रमांक येतो. त्यांचं स्मारक कुणी बांधावं असं मला वाटत नाही. त्यांनी जे शिकवलं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात रोजच्या कामासारखं व्हावं, एवढंच त्यांचं देणं आहे. आता नमुना बाईला स्वतःलाच घेता येतो. त्यासाठी कुणापुढे संकोचायची गरजही उरलेली नाही.

2000 साली चौथ्या गटात तिशीची असलेली बाई आज पंचावन्नची आहे. तिची लेक तिशीच्या आसपास असेल. लग्न होऊन आमच्या शिरूरकडे, निलंग्याला किंवा उदगीरला नांदत असेल. तपासणी सुरू करायचं वय तेच. त्या लेकीची तपासणी झाली असेल, तर तिची आई चौथ्या गटात होती याला काही अर्थ राहील. नसेल, तर चाचणी 2009 मध्ये संपली असं आपण म्हणतो ते फक्त संशोधकांपुरतं खरं आहे.