मागापासून मेमरीपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाऊल टाकले की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तिथे टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. या मागांचे आणि संगणकाचे जवळचे नाते आहे, असे म्हटले तर कुणाला नवल वाटेल. मी कविता लिहिणारा माणूस, यंत्रांचा जाणकार नव्हे. पण हे नाते इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

१८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जकार्ड याने नक्षी विणणारे यंत्र तयार केले. त्याचे नाव आपल्या चादर कारखान्यांत आजही घेतले जाते. भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे दोऱ्याने एकापुढे एक ओवायची. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. विणकराच्या डोक्यातली नक्षी अशी कार्डांत जाऊन बसली. १८३९ साली जकार्डचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली.

त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने मिळवली होती. त्याने गणिती यंत्राचा आराखडा केला, तेव्हा त्यातही अशीच कार्डे योजली. आकडेमोड होते त्या भागाला त्याने ‘मिल’ म्हटले आणि आकडे साठवण्याच्या भागाला ‘स्टोअर’. म्हणजे गिरणी आणि गोदाम! ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही, पण गिरणीजवळ जागा थोडी आणि माल फार, ही अडचण पुढच्या सगळ्या संगणकांच्या वाट्याला आली.

आपल्या देशातलेच उदाहरण पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफरॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याच्या मुख्य स्मृतीत २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघे दहा किलोबाइट. चार गिगाबाइटच्या साध्या मोबाइलची स्मृती याच्या चार लाख पटींहून अधिक भरते. एवढ्याशा जागेत मोठे गणित सोडवायचे तर आत्ता कोणता भाग आत हवा आणि कोणता बाहेर, हे त्या काळी सर्वत्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे.

ही हमाली यंत्राकडे सोपवण्याची युक्ती निघाली ती मँचेस्टरला. तेही आपल्यासारखे सूतगिरण्यांचे गाव. १९६२ साली तिथे ‘अ‍ॅटलस’ संगणक सुरू झाला. टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी स्मृतीची ५१२ शब्दांची एकेक अशी ‘पाने’ पाडली. वेगवान स्मृतीत थोडीच पाने मावत. उरलेली फिरत्या चुंबकी ड्रमवर असत. कोणते पान कुठे आहे, याची नोंद यंत्र स्वतः ठेवी. हवे असलेले पान आत नसले की काम क्षणभर थांबे, पान ड्रमवरून येई आणि काम पुढे चाले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटे, सगळी जागा आपलीच आहे. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम मुळात याच रीतीने चालतात.

नव्या पानाला जागा हवी तर जुने एखादे बाहेर काढावे लागते. कोणते काढायचे? बराच वेळ कुणी हात लावला नाही ते. पण एकाच वेळी फार कामे पत्करली, तर सगळा वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली यावर उपाय सांगितला: प्रत्येक कामाला आत्ता लागणारी पाने त्याच्याजवळ राहू द्या, आणि तेवढी जागा नसेल तर एखादे काम तात्पुरते थांबवा. सगळ्यांनी अर्धपोटी रखडत राहण्यापेक्षा ते बरे.

यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. बाहेर काढायच्या पानावर आत असताना काही नवे लिहिले गेले आहे का, हे आधी पाहायचे. नसेल, तर ते खुशाल पुसावे. मूळ प्रत गोदामात आहेच. पण बदल झाला असेल, तर तो आधी गोदामात उतरवून घ्यायचा आणि मगच जागा रिकामी करायची. नाहीतर केलेले काम कायमचे गेले.

आमच्या घरांत स्मरणशक्तीला ‘हाफिजा’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे राखणे, जपणे. आठवणे म्हणजे राखण करणे, हे त्या शब्दाला यंत्राच्या किती आधीपासून ठाऊक होते!

इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आणि पुठ्ठ्याच्या कार्डांतली नक्षी संगणकाच्या फायलीत गेली. त्याला हरकत नाही. नवे यंत्र यायचेच. पण मागावर तीस-चाळीस वर्षे काढलेला कारागीर घरी बसतो, तेव्हा तो कामाला लागला त्या दिवशीचा कोरा माणूस राहिलेला नसतो. धागा कोणत्या हवेत तुटतो, आवाजावरून कोणता बिघाड ओळखायचा, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी उठून दिसतो, हे सारे त्याच्या पानावर हाताने लिहिले गेलेले असते. ते कोणत्याही फायलीत नाही. त्याची जागा रिकामी करण्याआधी ते कुणीतरी त्याच्यापाशी बसून उतरवून घ्यायला हवे. यंत्र हा नियम पाळते. सोलापूरनेही तो पाळावा.