खर्जाचा आधार

गोदाकांठच्या गंगापूर तालुक्यांत काय किंवा मराठी मुलखांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवीं काय, एकादशीच्या रात्रीं भजन रंगूं लागतें तेव्हां लोकांची दृष्टि अभंग म्हणणाऱ्या बुवांकडे असते. बाजूस बसलेल्या पखवाजवाल्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु त्याचा हात क्षणभर थांबला, कीं टाळकरी अडखळतात, बुवांचा आलाप अधांतरीं राहतो, आणि मग साऱ्यांना एकदम आठवण होते कीं हा मनुष्य येथें होता. ज्याच्यावर सारें उभें असतें त्याचें नांव सर्वांत शेवटीं घेतलें जावें, हा संगीताच्या व्यवहारांतील जुना अन्याय आहे. तो एकट्या महाराष्ट्रांतच होतो असें मात्र नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांत कृष्णवर्णीय वादकांच्या हातून जॅझ नांवाचें संगीत आकारास आलें. त्या संगीतांत पखवाजवाल्याचें हें स्थान बव्हंशीं ‘डबल बास’ ह्या वाद्याकडे असतें. माणसाच्या उंचीहून मोठें असें हें तंतुवाद्य उभ्यानें वाजवितात. त्याच्या चार तारांना व्हायोलिनच्या चार तारांचींच स्वरनामें आहेत, मात्र त्यांचा क्रम नेमका उलटा असतो. जॅझमध्यें हें वाद्य बहुधा गजानें न वाजवितां बोटांनीं छेडतात. दर मात्रेस एक, असे खर्जांतील स्वर पावलामागून पाऊल टाकावें तसे पुढें जात राहतात. ह्या स्वरांनीं लयहि संभाळली जाते आणि वरच्या वाद्यांनीं कोणत्या स्वरसमूहांत फिरावें हेंहि सुचविलें जातें. श्रोता टाळ्या देतो त्या सॅक्सोफोनला आणि ट्रम्पेटला. पण तीं वाद्यें बिनधोक विहार करतात तीं ह्या खर्जाच्या भरंवशावर.

असा भरंवसा परक्या देशांत सुमारें सत्तर वर्षें देत आलेल्या एका वादकाचें नांव कोलरिज गुड. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर, किंग्स्टन शहरीं, १९१४ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील ऑर्गन वाजवीत आणि गायकवृंद चालवीत. सॅम्युएल कोलरिज-टेलर ह्या आफ्रिकन वंशाच्या इंग्रज संगीतरचनाकाराच्या नांवावरून त्यांनीं मुलाचें नांव ठेविलें. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, १९३४ सालीं, गुड स्कॉटलंडांत ग्लासगो येथें आले ते वादक होण्यासाठीं नव्हे, तर विद्युत् अभियांत्रिकी शिकण्यासाठीं. व्हायोलिन होतें तें फावल्या वेळच्या हौसेपुरतें. परंतु तेथें अमेरिकन जॅझ त्यांच्या कानीं पडलें, व्हायोलिन मागें पडलें आणि डबल बास हातीं आला. यंत्रविद्येची निश्चित वाट सोडून, दुसरें महायुद्ध चालूं असतांना, १९४२ सालीं ते लंडनला गेले.

वेस्ट इंडीजमधील लोकांना घेऊन ‘विंडरश’ ही आगबोट इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली ती १९४८ सालीं. त्याच्या चौदा वर्षें आधीं आलेल्या गुड यांना त्या समाजांत स्वतःचा असा गोतावळा फारसा मिळण्यासारखा नव्हता. त्यांनीं तो वादकांत शोधला. १९४४ सालीं त्यांनीं व्हिएन्नाहून आश्रयास आलेल्या एका निर्वासित स्त्रीशीं विवाह केला. १९४६ च्या आरंभीं जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली हे युरोपांतील दोन नामांकित जॅझवादक युद्धामुळें पडलेल्या ताटातुटीनंतर लंडनमध्यें पुन्हा एकत्र आले. त्यांच्या त्या ध्वनिमुद्रिकांत खर्जाची साथ गुड यांची आहे. पुढें रे एलिंग्टन यांच्या चतुष्कांत त्यांनीं वाजविलें आणि १९५८ सालीं ते जो हॅरियट ह्या सॅक्सोफोनवादकाच्या पंचकांत गेले. हॅरियटहि किंग्स्टनचेच. १९६० च्या सुमारास हॅरियट यांनीं ठराविक चाल व ठराविक आवर्तन झुगारून देणारें मुक्त वादन आरंभिलें. ज्या संगीतांत पुढचें पाऊल कोठें पडणार हें आधीं ठरलेलें नाहीं, तेथें पाया धरून राहणें किती अवघड, हें साथीची कला जाणणाऱ्यास सांगावयास नको.

मुंबईकरांच्या कानांना जॅझ तोंवर परिचयाचें झालें होतें. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलांत आला आणि पुढें गोमंतकीय वादकांनीं ही विद्या आत्मसात केली. गोदातीरींच्याच पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र यांनीं १९५१ च्या ‘अलबेला’ ह्या बोलपटांत चिक चॉकोलेट ह्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचें साहाय्य घेतलें, आणि जॅझची लय थेट चित्रपटगृहांच्या स्वस्त बांकांपर्यंत पोंचली. त्याच मुंबईंत १९२८ सालीं जन्मलेले तबलावादक केशव साठे १९५६ सालीं लंडनला गेले. रविशंकर आणि अल्लारखा यांच्या नांवानें पाश्चात्य सभागृहें भरूं लागण्यास अजून दहाएक वर्षें अवकाश होता. तबल्याच्या बळावर परदेशांत संसार उभा राहील असें त्या वेळीं कोणी छातीठोकपणें सांगितलें नसतें.

साठे आणि गुड यांची गांठ घालून दिली ती जॉन मेयर यांनीं. कलकत्त्यास वाढलेले, मुंबईस मेहली मेहता यांच्याजवळ व्हायोलिन शिकलेले मेयर १९५२ सालीं शिष्यवृत्तीवर लंडनला आले आणि तेथील मोठमोठ्या वाद्यवृंदांत वाजवूं लागले. त्यांनीं व हॅरियट यांनीं मिळून एक दुहेरी पंचक उभारलें. एका बाजूस हॅरियट यांचें जॅझ पंचक. दुसऱ्या बाजूस मेयर यांचें व्हायोलिन, दिवाण मोतीहार यांची सतार, साठे यांचा तबला, तंबोरा आणि बांसरी. १९६६ सालीं ह्या प्रयोगाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९६७ सालीं ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ ही दुसरी. ह्या दुसरींत डबल बासवर गुड आणि तबल्यावर साठे आहेत.

येथें एक खरी अडचण होती. हिंदुस्थानी संगीतांत षड्ज एकदां लागला कीं बैठक संपेपर्यंत तो हलत नाहीं; तंबोरा तोच बोलतो आणि तबलाहि त्याच सुरांत मिळविलेला असतो. जॅझमध्यें उलट प्रकार. तेथें खालचा पाया आवर्तनांत वारंवार बदलतो आणि तो बदलण्याचें काम बासवादकाचेंच असतें. म्हणजे ज्या दोघांनीं मिळून आधार द्यावयाचा, त्यांच्या आधाराच्या कल्पनाच परस्परविरुद्ध. मेयर यांनीं यावर उपाय केला तो असा, कीं रागाचे स्वर आणि तालाच्या मात्रा हीच सर्वांची मर्यादा ठरविली, कांहीं भाग लिहून दिले, व उरलेल्या जागीं ज्याला त्याला उपजेप्रमाणें वाजविण्यास मोकळीक ठेवली. बासवादकानें आपलें चालणें आवरून षड्जाजवळ घुटमळावयाचें, आणि तबलजीनें आपल्या आवर्तनांत शेजारच्या ड्रमवाल्यास जागा करून द्यावयाची. दोघांनींहि आपापल्या संवयींतील कांहीं तरी सोडलें, तेव्हां हें संगीत उभें राहिलें.

त्या प्रयोगावर टीकाहि झाली. दोन संगीतें नुसतीं शेजारीं बसविलीं आहेत, तीं एकजीव झालीं नाहींत, असें म्हणणारे जाणकार होते, व तें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु लंडनच्या वाद्यव्यवसायांत हिंदी साथीदाराची गरज त्या काळांत निर्माण झाली, एवढें निश्चित. १९६६ सालीं बीटल्स मंडळींनीं आपल्या ‘रिव्हॉल्व्हर’ ह्या ध्वनिमुद्रिकेंतील एका गीतासाठीं तबला वाजवावयास बोलाविलें तें अनिल भागवत यांना, आणि वेष्टणावर त्यांचें नांवहि छापलें.

लाट ओसरली तेव्हां काय झालें, हा इतिहासाचा पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. ज्यांचें नांव मोठ्या अक्षरांत छापलें जाई ते हॅरियट १९७३ सालीं विपन्नावस्थेंत वारले; त्या वेळीं ते अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते. साठे मात्र वाजवीत राहिले. १९६७ सालींच त्यांनीं मोतीहार यांच्यासमवेत स्विस पियानोवादक इरेन श्वाइट्झर यांच्या त्रिकुटाशीं ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही ध्वनिमुद्रिका केली होती. पुढें १९७७ सालीं जॉन रेनबोर्न यांच्या मंडळींत, इंग्लंडच्या मध्ययुगीन व लोकगीतांच्या चालींना त्यांच्या तबल्याची साथ मिळाली. २०१२ सालीं त्यांचें निधन झालें. गुड नव्वदी ओलांडल्यावरहि लंडनमधील एका पानगृहांत साथीदारांसह वाजवीत असत. त्यांच्या सेवेबद्दल ब्रिटिश संसदेच्या वतीनें दिला जाणारा जॅझ पुरस्कार त्यांना मिळाला तो २०११ सालीं, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं. २०१५ सालीं, शंभर वर्षें पूर्ण करून, ते निवर्तले.

मुख्य वादकाचें दैव लोकांच्या आवडीबरोबर चढतें आणि तिच्याबरोबरच उतरतें. साथीदाराला दुसऱ्याचें गाणें आपलें समजून उभें करण्याची विद्या अवगत असते; म्हणून एक गाणें संपलें तरी दुसऱ्याच्या दारीं त्याला काम असतें. किंग्स्टनचा बासवादक आणि मुंबईचा तबलजी परमुलखांत पाय रोवून राहिले ते ह्या विद्येच्या जोरावर. तिचें मोलहि त्यांना द्यावें लागलें. त्यांच्या वाद्यांचा आवाज ज्यांनीं ऐकला, त्यांतील फारच थोड्यांना त्यांचीं नांवें ठाऊक झालीं. ह्यापुढें एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लावतांना सतार व सॅक्सोफोन यांच्या खालीं क्षणभर कान दिला, तर तेथें हे दोघे भेटतील. एक खर्ज धरून आहे, दुसरा ठेका.