मतपरीक्षेचा वाद व नीलकंठशास्त्री गोरे

ख्रिस्ती मिशनरी व आमचे शास्त्री यांच्यांत गेल्या शतकाच्याही मागील शतकांत जे धर्मविषयक वाद झाले, त्यांची हकीकत मराठी वाचकांस बहुधा मुंबईच्या प्रकरणांवरूनच ठाऊक असते. मोरभट दांडेकर यांचें ‘हिंदुधर्मस्थापन’ (इ. स. १८३१), त्यावर डॉ. जॉन विल्सन यांनीं पुढील वर्षीं प्रसिद्ध केलेलें खंडन, आणि १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं समुद्रकिनारीं चालविलेला वादविवाद, यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. परंतु याच काळांत एक वाद संस्कृत भाषेंत, अनुष्टुभ् छंदांत, दर्शनांची परिभाषा घेऊन झाला, व त्यांतील दोन प्रमुख पुरुष महाराष्ट्रीय होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत नाहीं. त्या वादाचा वृत्तांत येथें थोडक्यांत सांगून, त्यांतून उत्पन्न होणाऱ्या एका तात्त्विक प्रश्नाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तो प्रश्न असा कीं, श्रद्धेची परीक्षा तर्कानें करतां येते काय, व येत असल्यास त्या तर्काची परीक्षा कोणीं करावयाची?

देशी भाषेंत ख्रिस्ती मताचें प्रतिपादन ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नव्हती. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें, व त्यानंतर एतिएन द ला क्रुआ या पाद्र्यानें सेंट पीटरच्या चरित्राच्या निमित्तानें एक मोठा मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचिला. परंतु या ग्रंथांचा रोख कथाकथनाकडे व पुराणकथांच्या खंडनाकडे आहे. सांख्य, न्याय, वेदांत यांच्याशीं समोरासमोर गांठ त्यांत पडत नाहीं. पुढें कलकत्त्यास विल्यम हॉज मिल यांनीं १८३१ पासून ‘ख्रिस्तसंगीता’ हें संस्कृत काव्य प्रसिद्ध केलें. तेंही चरित्रपरच. शास्त्र्यांस त्यांच्या भाषेंत व त्यांच्या पद्धतीनें वादास बोलाविणारा पहिला महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे जॉन म्यूर यांची ‘मतपरीक्षा’ होय.

म्यूर (१८१०–१८८२) हे स्कॉटलंडचे. मिशनरी नव्हत, तर कंपनीचे मुलकी नोकर. संस्कृताचे मूलग्रंथ पांच भागांत संकलित करणारे पंडित म्हणून त्यांची कीर्ति पुढें झाली, व एडिंबरो येथें संस्कृताचें अध्यापकपद त्यांच्याच देणगीनें १८६२ सालीं स्थापन झालें. मतपरीक्षा ही त्यांच्या तरुणपणची कृति. ती १८३९ त कलकत्त्यास छापली, १८४० त पुन्हां निघाली, व १८५२–५४ त तिसऱ्यानें निघाली. तिन्ही वेळचा मजकूर सारखा नाहीं. म्हणून ज्यांच्या संग्रहीं हें पुस्तक असेल त्यांनीं आवृत्तीचें वर्ष पाहिल्यावांचून त्यावरून अनुमानें काढूं नयेत.

ग्रंथ गुरुशिष्यसंवादरूप आहे. जगांत मतें अनेक, त्यांत खरें कोणतें, असा शिष्याचा प्रश्न. त्यावर गुरु प्रथम सृष्टिरचनेवरून ईश्वराचें अस्तित्व व गुण सांगतो, आणि मग खऱ्या शास्त्राचीं लक्षणें देतो. तीं लक्षणें तीन: मतसंस्थापकाच्या अंगीं चमत्कार करण्याचें सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता, व तें सर्व मनुष्यमात्रास लागू असणें. या कसोट्या लावून गुरु ख्रिस्ती शास्त्र ग्राह्य व इतर त्याज्य ठरवितो.

या युक्तिवादाचें मूळ शोधूं गेल्यास तें इंग्लंडांत सांपडतें. विल्यम पेली यांचा ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांवरील ग्रंथ १७९४ सालचा व सृष्टिरचनेवरून ईश्वर सिद्ध करणारा १८०२ सालचा. त्या पिढीच्या सुशिक्षित इंग्रजाची समजूत अशी कीं, बुद्धि ही न्यायाधीशाच्या जागीं बसून प्रथम साक्षीपुरावा तपासते. पुरावा पटला म्हणजे मग श्रद्धेनें शास्त्र स्वीकारावयाचें. चमत्कार हा त्या पुराव्यांतील मुख्य साक्षीदार. म्यूर यांनीं हीच रचना अनुष्टुभांत उतरविली. पण येथें एक अडचण होती, व ती आमच्या मतें या सर्व वादाची किल्ली आहे. पहिली कसोटी गृहीत धरते कीं प्रत्येक शास्त्रास कोणी तरी संस्थापक असतो. मीमांसकांच्या मतें वेद अपौरुषेय. त्यास कर्ताच नाहीं, मग कर्त्याच्या चमत्कारांची चौकशी कोठून करणार? कर्ता नसणें हेंच तेथें निर्दोषतेचें कारण, कारण दोष पुरुषाच्या ठायीं असतात. सारांश, म्यूर यांनीं वाद संस्कृतांत मांडला खरा, पण प्रमाणविचार मात्र आपल्या घरचाच ठेविला.

मतपरीक्षेस तीन उत्तरें आलीं. पहिलें सोमनाथ या नांवानें लिहिलेलें ‘मतपरीक्षाशिक्षा’, सन १८३९. हा सोमनाथ कोण? रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ सालीं या वादावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं हा सोमनाथ म्हणजे सिहूरचा महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू होय असें अनुमान मांडलें आहे, व तें आम्हांस सयुक्तिक वाटतें. सुबाजी बापू हे भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयास असत. विल्किन्सन यांची युक्ति अशी कीं, भास्कराचार्यांच्या सिद्धांताच्या आधारें पुराणांतील भूगोल मोडावा व तेथून कोपर्निकसपर्यंत विद्यार्थ्यांस न्यावें. या कामीं सुबाजींनीं मराठींत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिला. परंतु हे गृहस्थ साहेबाचे होयबा नव्हते. १८३९ सालींच विल्किन्सन यांनीं अश्वघोषाच्या नांवावर चालणारी ‘वज्रसूची’ छापविली, तेव्हां तिच्याबरोबर तिचें खंडन करणारा सुबाजींचा ‘टंक’ही छापावा लागला. एकाच जिल्दींत जातिभेदाचें खंडन व मंडन अशीं दोन्ही असलेलें हें पुस्तक संग्राहकांनीं अवश्य मिळवावें असें आहे.

सोमनाथाचें उत्तर सौम्य आहे. परमेश्वरानें निरनिराळ्या लोकांस त्यांच्या त्यांच्या अधिकाराप्रमाणें निरनिराळे मार्ग दिले. ज्याचा त्याचा धर्म त्यास श्रेयस्कर. म्हणून ख्रिस्त्यानें ख्रिस्ती रहावें व हिंदूनें हिंदू. हें बोलणें आज सर्वांस गोड वाटेल, पण म्यूर यांच्या तिसऱ्या कसोटीवरच तें नेमका घाव घालतें. सर्वांस एकच औषध चालतें हा गुण कीं दोष, असा तो प्रश्न आहे. अधिकारभेद मानणारास सार्वत्रिकता हें सत्याचें लक्षण वाटत नाहीं.

दुसरें उत्तर बंगाल्यांतील हरचंद्र तर्कपंचानन यांचें ‘मतपरीक्षोत्तर’, सन १८४०. याची भाषा तिखट. जो तर्क आमच्या पुराणांवर चालवितां तोच तुमच्या बायबलावर चालवून पाहूं, अशी यांची तऱ्हा. वादजय या दृष्टीनें हें उत्तर सरस ठरेल. परंतु विचाराची खोली पहावयाची तर तिसऱ्या उत्तराकडे वळलें पाहिजे.

तें तिसरें उत्तर म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, सन १८४४–४५. गोरे हें कोंकणस्थ घराणें. बुंदेलखंडांत बांद्याच्या नबाबाच्या आश्रयास असलेलें, पुढें काशीस स्थायिक झालेलें. नीलकंठशास्त्र्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ चा. म्हणजे हा ग्रंथ रचिला तेव्हां त्यांचें वय वीस वर्षांच्या आगेंमागें होतें. ग्रंथ शंभरांवर वर्षें हस्तलिखितरूपानें राहिला. १९५१ त स. ल. कात्रे यांनीं तो उज्जैन येथें संपादून छापला.

या ग्रंथांतील सिद्धांत दोन. एक, शास्त्र हें तर्काच्या पलीकडील विषय सांगतें, म्हणून श्रद्धा अगोदर व तर्क मागाहून. शास्त्रास अनुसरून चालणारा तर्क ग्राह्य. शास्त्रावर न्यायाधीश होऊन बसणारा तर्क अप्रतिष्ठित, कारण आज एकानें सिद्ध केलेलें उद्यां दुसरा अधिक बुद्धिमान मोडतो. हा बादरायणाचाच मार्ग. दुसरा सिद्धांत ख्रिस्ती मतावरील आक्षेपाचा. ईश्वर सर्वज्ञ व दयाळू. जीव त्यानें नवा उत्पन्न केला. तो पाप करील हें त्यास ठाऊक होतें. आणि अल्प आयुष्यांतील पापास तो अनंतकाळ नरक देतो. मग त्याची दया ती कोणती? तसेंच तान्हीं मुलें व मुकीं जनावरें दुःख भोगतात, तें कोणत्या अपराधाबद्दल? पूर्वजन्म मानला तर ईश्वरावर वैषम्य व नैर्घृण्य हे दोष येत नाहींत. न मानला तर ते टळत नाहींत. ख्रिस्ती मतास त्यांनीं मोहशास्त्रांत घातलें आहे, परंतु त्यांचा भर या दुसऱ्या सिद्धांतावर आहे.

येथें सूक्ष्म वाचकाच्या ध्यानांत येईल कीं, या दोन सिद्धांतांचा एकमेकांशीं मेळ बसत नाहीं. तर्क जर शास्त्राचा चाकर, तर परक्या शास्त्रावर तो धनी होऊन कसा बोलतो? स्वतःच्या घरीं दाराबाहेर बसविलेला तर्क शेजाऱ्याच्या घरीं ओसरीवर कसा चढतो? तरुण पंडितास ही विसंगति जाणवली असावी असें आम्हांस वाटतें, कारण त्यांचें स्वास्थ्य फार काळ टिकलें नाहीं. काशींत विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशीं त्यांची वादचर्चा चालूच होती. अखेरीस १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें.

बारा वर्षांनीं, १८६० सालीं, त्यांचा हिंदी ग्रंथ ‘षड्दर्शनदर्पण’ निघाला. त्याचें इंग्रजी भाषांतर फिट्झएडवर्ड हॉल यांनीं १८६२ त प्रसिद्ध केलें. पूर्वाश्रमीं ज्या दर्शनांचा अभ्यास केला तींच येथें परीक्षेस उभीं केलीं आहेत. सांख्यांची अचेतन प्रकृति हेतुपूर्वक रचना कशी करील? नैयायिकांचे परमाणु व जीव अनादि, तर ईश्वर स्रष्टा कसला, तो केवळ जुळणी करणारा कारागीर. वेदांत्यांवर सर्वांत अधिक पानें खर्चिलीं आहेत. पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानणें म्हणजे आहे व नाहीं यांच्या मध्यें तिसरें कांहीं कल्पिणें. आणि ज्या ज्ञानास विषय नाहीं, त्या ब्रह्मस्वरूप ज्ञानास ज्ञान म्हणावें कशावरून? हे आक्षेप परकी मनुष्याचे नव्हत. रामानुजीय व माध्व यांच्या ग्रंथांत याच्या जवळचे आक्षेप आढळतात. ग्रंथाचा हेतु ख्रिस्ती, परंतु अवजारें काशीच्या पाठशाळेंतील आहेत.

शास्त्रतत्त्वविनिर्णय व षड्दर्शनदर्पण हे ग्रंथ शेजारीं ठेवून वाचले असतां काय दिसतें? पुष्कळांस वाटेल कीं एका मनुष्यानें आपलेंच म्हणणें उलटें केलें. आमचें मत निराळें आहे. उलटले ते निर्णय. प्रश्न जागच्या जागींच राहिला. याचा पुरावा त्यांनीं स्वतःच ठेविला आहे. १८६८ सालीं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनीं, त्यांनीं अनंत दंडाच्या ख्रिस्ती सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर देणारी एक इंग्रजी पुस्तिका कलकत्त्यास छापविली. विशीच्या वयांत मिशनऱ्यांस जो प्रश्न विचारला, त्याचेंच उत्तर ते त्रेचाळिसाव्या वर्षीं देत बसले होते. ज्याचा संशय पुरता फिटला आहे, तो मनुष्य अशी पुस्तिका लिहावयास घेत नाहीं.

चरित्रांतील इतर गोष्टीही याच दिशेच्या. १८५४ त महाराज दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून ते विलायतेस गेले. तेथील ख्रिस्ती लोकांचें आचरण पाहून त्यांस जो विषाद झाला, त्याची आठवण मॅक्समुल्लर यांनीं पुढें लिहून ठेविली आहे. १८७० त ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरु झाले. संशयांनीं त्यांचा पाठलाग शेवटपर्यंत केला, हें त्यांच्या चरित्रकारानेंही लपविलेलें नाहीं. आणि लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, बुद्धीपेक्षां शास्त्र व परंपरा यांवर विसंबावें, हाच त्यांचा उत्तरवयांतील निष्कर्ष होता. ब्राह्मसमाजी मंडळींशीं वाद करतांना मनुष्याची स्वाभाविक बुद्धि धर्माचा पाया होऊं शकत नाहीं असें त्यांनीं आग्रहानें प्रतिपादिलें. शास्त्रतत्त्वविनिर्णयांतील पहिला सिद्धांत तो हाच. शास्त्र तेवढें बदललें. भक्ति, वैराग्य, नम्रता, क्षमा यांचे संस्कार हिंदूंच्या अंगीं ईश्वरानेंच ख्रिस्ती धर्माच्या पूर्वतयारीसाठीं घातले, असेंही त्यांनीं उत्तरकाळीं लिहिलें. पूर्वाश्रम त्यांनीं सोडला, पण फेकून दिला नाहीं. पंडिता रमाबाई यांच्या धर्मांतरास त्यांच्या लेखांचा व उपदेशाचा हातभार लागला, हें बाईंनीं स्वतः मान्य केलें आहे. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस शास्त्रीबोवांचें देहावसान झालें.

तेव्हां प्रारंभींच्या प्रश्नास या इतिहासाचें उत्तर काय? म्यूर यांनीं तर्कास न्यायासनावर बसविलें, कारण निकाल आपल्या बाजूनें लागेल ही त्यांस खात्री होती. सोमनाथानें तें न्यायालयच अमान्य केलें. हरचंद्रांनीं त्याच न्यायालयांत उलट फिर्याद केली. नीलकंठशास्त्री मात्र दोन्ही पक्षांचे वकील झाले, आणि दोन्ही वेळां त्यांस आढळलें कीं, तर्क प्रतिपक्षाचें घर पाडण्यास पुरतो, स्वतःचें बांधण्यास पुरत नाहीं. यावरून तर्क निरुपयोगी असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या कसोटीनें दुसऱ्यास मोजावें तिनेंच स्वतःस मोजून घ्यावें, एवढा प्रामाणिकपणा तो शिकवितो. आणि हा प्रामाणिकपणा ज्यानें घर, जात व स्वास्थ्य यांची किंमत देऊन पाळला, त्याचे दोन्ही ग्रंथ अभ्यासाच्या योग्यतेचे आहेत. एकच वाचणें म्हणजे दाव्याची एकच कैफियत वाचून निकाल देणें होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पोथी अर्वाचीन दिसली, कागद गिरणीचा निघाला, म्हणजे ती बाजूस टाकण्याची आपल्यांत चाल आहे. शास्त्रतत्त्वविनिर्णय ही अशीच अर्वाचीन पोथी होती. काशी, सिहूर, उज्जैन, सातारा, पुणें येथील शास्त्र्यांच्या घरीं या वादांसंबंधीं टांचणें, पत्रें व प्रत्युत्तरें पडून असण्याचा संभव आहे. ज्यांस अशीं कांहीं आढळतील त्यांनीं तीं रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांच्या नकला कराव्या, व कोणत्या घरीं, कोणत्या बस्त्यांत सांपडलीं, तें टिपून ठेवावें. अशा चार कागदांनींही या वादाचें आजचें अर्धें चित्र पुरें होण्यास मदत होईल.