परक्या दीर्घिकेतून सुटलेला तारा

विशेष प्रतिनिधी

रात्रीच्या आकाशातील तारे जागच्या जागी खिळल्यासारखे दिसत असले, तरी विश्वात स्थिर असे काहीच नाही. आपला सूर्यदेखील सगळी ग्रहमाला बरोबर घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत आहे. मात्र ही भ्रमंती कक्षेत बांधलेली आहे. आकाशगंगेचे गुरुत्वाकर्षण सूर्याला बाहेर पडू देत नाही. काही मोजके तारे मात्र हे बंधन तोडून कायमचे निघालेले असतात. खगोलशास्त्रात त्यांना ‘अतिवेगवान तारे’ म्हणतात.

अशा ताऱ्यांपैकी ‘एचई ०४३७-५४३९’ या ताऱ्याने शास्त्रज्ञांना सर्वाधिक कोड्यात टाकले. तो आपल्या आकाशगंगेतला की शेजारच्या दीर्घिकेतून आलेला, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांत एकदा नव्हे, अनेकदा बदलले. या शोधातूनच शेजारच्या दीर्घिकेत दडलेल्या, आजवर कुणालाही न दिसलेल्या एका प्रचंड कृष्णविवराचा माग लागला आहे.

शोध आणि वेग

दक्षिण आकाशातील डोराडो तारकासमूहात हा तारा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिण क्षितिजावर अगस्त्य तारा ठळकपणे दिसतो. त्याच्या पश्चिमेच्या बाजूला, थोडे खाली हा भाग येतो. तारा मात्र नुसत्या डोळ्यांना दिसण्याची शक्यता नाही. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहूनही तो सुमारे दहा हजार पट मंद आहे.

जर्मनी व ब्रिटनमधील एडेलमान, नापिवोट्स्की, हेबर आदी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये त्याचा वेग जाहीर केला. चिलीतील पॅरानल येथील युरोपीय दक्षिणी वेधशाळेच्या ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून त्यांनी ताऱ्याचा वर्णपट घेतला होता. दूर जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशातील रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकतात आणि त्या किती सरकल्या यावरून वेग कळतो. हा तारा सेकंदाला ७२३ किलोमीटर, म्हणजेच ताशी सुमारे २६ लाख किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात असल्याचे आढळले. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतील अंतर हा तारा एका सेकंदाच्या आत, तर पृथ्वी ते चंद्र हे अंतर नऊ मिनिटांच्या आत कापील.

त्याच वर्षी अमेरिकेतील वॉरन ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला ८५३ किलोमीटर वेगाचा पहिला अतिवेगवान तारा नोंदविला होता. एचई ०४३७-५४३९ हा या मालिकेतील तिसरा. म्हणून त्याला ‘एचव्हीएस-३’ असेही म्हणतात.

ताऱ्याला एवढा धक्का कोण देते?

पळणारे तारे शास्त्रज्ञांना पूर्वीही ठाऊक होते. जोडताऱ्यांपैकी एकाचा महास्फोट झाला, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेला दुसरा तारा गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा भिरकावला जातो, असे स्पष्टीकरण डच शास्त्रज्ञ आद्रियान ब्लाऊ यांनी १९६१ मध्ये मांडले होते. परंतु या मार्गाने मोठ्या वस्तुमानाच्या ताऱ्याला दीर्घिकेबाहेर फेकण्याइतका वेग सहसा मिळत नाही.

त्यासाठी लागणारी यंत्रणा अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे जॅक हिल्स यांनी १९८८ मध्ये कागदावर मांडली. एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी एखाद्या प्रचंड कृष्णविवराच्या फार जवळून गेली, तर तिची ताटातूट होते. एक तारा कृष्णविवराभोवतीच्या कक्षेत अडकतो आणि त्याने गमावलेली ऊर्जा घेऊन दुसरा सेकंदाला हजार किलोमीटर वा त्याहूनही अधिक वेगाने बाहेर फेकला जातो. असे तारे सापडले, तर तो दीर्घिकेच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर असल्याचा पुरावा ठरेल, असे हिल्स यांचे प्रतिपादन होते. पहिला पुरावा हाती येण्यास पुढे सतरा वर्षे लागली.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. साहजिकच असे सारे तारे तेथूनच सुटले असावेत, असा सर्वांचा समज झाला. एचई ०४३७-५४३९ मात्र या समजात बसेना.

वय आणि प्रवास यांचा मेळ बसेना

अडचण ताऱ्याच्या वयाची होती. तारा जितका जड, तितके त्याचे आयुष्य तोकडे. सूर्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे आहे. हा तारा सूर्याच्या आठ-नऊ पट जड असल्याने आपले इंधन उधळपट्टीने जाळतो. त्याला जेमतेम साडेतीन कोटी वर्षांचे आयुष्य मिळते.

आता अंतराचा हिशेब पाहा. तारा आपल्यापासून सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्याची स्वतःची गती वजा केली, तर आकाशगंगेच्या संदर्भात त्याचा वेग सेकंदाला साधारण साडेपाचशे किलोमीटर उरतो. या वेगाने आकाशगंगेच्या केंद्रापासून तेथवर पोहोचण्यास सुमारे १० कोटी वर्षे लागतील. साडेतीन कोटी वर्षांचे आयुष्य असलेला तारा १० कोटी वर्षांचा प्रवास करून जिवंत कसा, हा प्रश्न उभा राहिला.

याची दोनच उत्तरे संभवत होती. पहिले असे, की प्रवास सुरू झाला तेव्हा हा एक तारा नव्हताच. एकमेकांना चिकटून फिरणारी दोन ताऱ्यांची जोडी बाहेर फेकली गेली आणि वाटेत ते दोन तारे एकमेकांत विलीन झाले. अशा विलीनीकरणात ताऱ्याचा जणू कायाकल्प होतो आणि म्हातारा तारा तरुण भासू लागतो. दुसरे उत्तर अधिक सरळ, पण अधिक धक्कादायक होते. तारा खरोखरच तरुण आहे, मात्र तो इतक्या दुरून आलेला नाही. त्याचे घर आकाशात त्याच्यापासून अवघ्या १६ अंशांवर असलेला मोठा मॅगेलनी मेघ हे आहे.

मोठा मॅगेलनी मेघ ही आपल्या आकाशगंगेची एक उपदीर्घिका. ती सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे. दक्षिण गोलार्धात ती नुसत्या डोळ्यांना ढगाच्या पुंजक्यासारखी दिसते. महाराष्ट्रातून मात्र ती क्षितिजाच्या वर जवळजवळ येतच नाही.

तीन साक्षी

पहिली साक्ष रसायनशास्त्राने दिली. हायड्रोजन व हेलियम यांहून जड मूलद्रव्यांचे प्रमाण आकाशगंगेच्या केंद्रभागात जास्त, तर मॅगेलनी मेघात कमी, सूर्याच्या साधारण निम्मे असते. २००८ मध्ये दोन स्वतंत्र पथकांनी या ताऱ्याच्या वर्णपटाचे बारकाईने विश्लेषण केले. त्यातील प्रमाण मॅगेलनी मेघाशी जुळणारे निघाले. तारा परका ठरला.

दुसरी साक्ष नेमकी उलट होती. हबल दुर्बिणीने २००६ व २००९ मध्ये, साडेतीन वर्षांच्या अंतराने ताऱ्याची छायाचित्रे घेतली. दूरच्या दीर्घिकांच्या पार्श्वभूमीवर तारा कोणत्या दिशेला किती सरकला, हे ब्राउन यांच्या पथकाने मोजले आणि २०१० मध्ये निष्कर्ष जाहीर केला. ताऱ्याची वाट मागे नेली असता ती आपल्याच आकाशगंगेच्या केंद्राकडे जात होती. यावरून तीन ताऱ्यांचा समूह कृष्णविवराजवळून गेला, एक अडकला, उरलेली जोडी सुटली व पुढे विलीन झाली, अशी उपपत्ती मांडण्यात आली. तारा पुन्हा आपला ठरला.

ही मोजणी किती नाजूक असते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. हजारो किलोमीटर अंतरावर ठेवलेले नाणे जेवढे लहान दिसेल, साधारण तेवढ्याच कोनाने हा तारा आकाशात वर्षाकाठी सरकतो. अशा मोजणीतील बारीकशा चुकीनेही ताऱ्याचे घर बदलू शकते.

तिसरी साक्ष युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘गाइआ’ यानाची. २०१३ मध्ये सोडलेल्या या यानाने संपूर्ण आकाश एकाच मोजपट्टीने मोजले आणि एप्रिल २०१८ मध्ये सुमारे १७० कोटी ताऱ्यांची माहिती खुली झाली. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाचे डेनिस एर्काल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आधारे २६ अतिवेगवान ताऱ्यांच्या वाटा मागे नेल्या. त्यांतील बऱ्याच वाटा आकाशगंगेच्या केंद्राशी मिळाल्या. एचव्हीएस-३ ची वाट मात्र मोठ्या मॅगेलनी मेघाच्या जवळजवळ केंद्राशी जाऊन पोहोचली. सुमारे २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी, मेघाच्या तुलनेत सेकंदाला सुमारे ८७० किलोमीटर वेगाने तो तेथून निघाला होता. हा काळ ताऱ्याच्या आयुष्यात सहज बसतो. ज्या विसंगतीतून कोडे निर्माण झाले होते, ती अशा रीतीने नाहीशी झाली. कायाकल्पाची गरजच उरली नाही.

न दिसलेल्या कृष्णविवराचा माग

या निष्कर्षाचे खरे महत्त्व पुढे आहे. एवढ्या जड ताऱ्याला एवढा वेग देणे महास्फोटाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे मॅगेलनी मेघाच्या केंद्रात सूर्याच्या किमान चार ते दहा हजार पट वस्तुमानाचे कृष्णविवर असले पाहिजे, असे अनुमान एर्काल यांच्या पथकाने २०१९ मध्ये मांडले.

पण एका साक्षीदारावर खटला उभा राहत नाही. ही उणीव २०२५ मध्ये भरून निघाली. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील जिवॉन जेसी हान यांच्या पथकाने गाइआची सुधारित माहिती वापरून आकाशगंगेच्या बाह्य भागातील २१ अतिवेगवान ताऱ्यांचा फेरविचार केला. त्यांपैकी साधारण निम्म्यांचा उगम आकाशगंगेच्या केंद्रात नसून मोठ्या मॅगेलनी मेघात असल्याचे दिसून आले. अतिवेगवान तारे आकाशात सर्वत्र सारखे न विखुरता सिंह तारकासमूहाच्या परिसरात गर्दी का करतात, हे जुने कोडेही त्यामुळे सुटले. मॅगेलनी मेघ स्वतःच सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने सरकत आहे. धावत्या गाडीतून पुढच्या दिशेला फेकलेल्या चेंडूला गाडीचाही वेग मिळतो, तसा त्याच दिशेने सुटलेल्या ताऱ्यांना मेघाचा वेग मिळतो.

या ताऱ्यांच्या वेगांवरून कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६ लाख पट असावे, असा अंदाज पथकाने बांधला. हे कृष्णविवर अद्याप प्रत्यक्ष दिसलेले नाही. त्याने भिरकावलेले तारे एवढाच त्याचा पुरावा आहे. दरवाजा उघडून घरात डोकावता येत नसताना, घराबाहेर फेकल्या गेलेल्या वस्तूंवरून आत राहणाऱ्याच्या ताकदीचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार आहे.

एचव्हीएस-३ आता परत फिरणार नाही. आकाशगंगा आणि मॅगेलनी मेघ या दोहोंची ओढ झुगारून तो दीर्घिकांमधील रित्या अवकाशाकडे निघाला आहे. त्याचे इंधन येत्या काही कोटी वर्षांच्या आतच संपेल. तोवर तो कोणत्याही दीर्घिकेचा नागरिक नसेल. मात्र तो कुठून निघाला, हे त्याच्या प्रकाशाने इथवर कळविले आहे.

थोडक्यात माहिती

नाव : एचई ०४३७-५४३९ (एचव्हीएस-३)
तारकासमूह : डोराडो (दक्षिण आकाश)
वेग जाहीर झाला : २००५
आपल्यापासून अंतर : सुमारे २ लाख प्रकाशवर्षे
आपल्यापासून दूर जाण्याचा वेग : सेकंदाला ७२३ किलोमीटर
वस्तुमान : सूर्याच्या सुमारे आठ-नऊ पट
उगम : मोठा मॅगेलनी मेघ (गाइआच्या माहितीनुसार)
तेथून निघाल्यास झालेला काळ : सुमारे २ कोटी १० लाख वर्षे