पाकिटावरची बाई

मुरबाडच्या बाजारात माझं किराणा दुकान, त्यामुळे पुड्यांवरचे चेहरे रोजच्या ओळखीचे. अमेरिकेत ‘आंट जेमिमा’ हे पॅनकेकचं पीठ १८८९ साली निघालं आणि हसऱ्या काळ्या मोलकरणीच्या चेहऱ्यावर सव्वाशे वर्षं खपलं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात ते सोंग वठवणारी नॅन्सी ग्रीन गुलामीत जन्मलेली होती. जून २०२०मध्ये कंपनीने नाव आणि चित्र दोन्ही काढायचं ठरवलं. पुढे जेमिमा झालेल्या एका बाईच्या नातलगांनीच विरोध केला, आमच्या माणसाचं काम पुसू नका म्हणून. मला त्यांचं पटतं.

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. खैराचा गाभा उकळून कात काढणारा कातकरी विड्यात होता, पुडीवर कधीच नव्हता. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, खैर तोडणं गुन्हा ठरलं, आणि तो कोळशाच्या नि विटांच्या भट्टीवर गेला. आता मध-मसाल्यांच्या पुड्यांवर वारली चित्रातली माणसं फेर धरतात. नफ्यात वारली असतोच असं नाही! शहापूरच्या कातकरी तरुणांनी मात्र स्वतःची संस्था काढून गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकली.

पुडी घेताना मागे बारीक अक्षरात उत्पादकाचं नाव असतं, तेवढं वाचत चला.