वऱ्हाडातील लहान ट्रॅक्टर : बैलजोडीचा अपुरा वारसदार

वऱ्हाडात ट्रॅक्टरने बैलाचे एक काम घेतले. दुसरे मात्र बरीच वर्षे घेता आले नाही.

अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्याच वर्षी फरिदाबादला आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर तयार झाला.

पुढे अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीची नांगरणी मोठ्या ट्रॅक्टरकडे गेली. डवरणी बैलांकडेच राहिली, कारण उभ्या कपाशीच्या दोन तासांमधून मोठा ट्रॅक्टर जाईना. परिणामी लहान शेतकऱ्यावर दुहेरी भार पडला : नांगरणीचे भाडे द्यायचे आणि डवऱ्यासाठी बैलजोडीही वर्षभर पोसायची.

महिंद्राच्या १५ अश्वशक्तीच्या ‘युवराज २१५’सारखे लहान ट्रॅक्टर ही कोंडी फोडण्यासाठी आले. म्हणूनच खरेदीपूर्वी अश्वशक्तीआधी रुंदी पाहावी लागते : आपल्या शेतातील दोन तासांमधले अंतर किती आणि ट्रॅक्टरच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी किती?

माप जुळले तरी कपाशी कमरेला लागली की हा ट्रॅक्टरही बांधावरच थांबतो. शेवटच्या डवरणीला पुन्हा बैलजोडीच शोधावी लागते.