रंगांच्या जागी काजळ : एका छपाईयंत्राचा पालट

कृष्णधवल छायाचित्र छापायला एक काळी शाई पुरेशी आहे, असे कोणालाही वाटेल. इंकजेट छपाईच्या इतिहासात मात्र हीच गोष्ट सर्वांत अवघड ठरली. इतकी, की काही छायाचित्रकारांनी उत्तम चालणाऱ्या यंत्रातून निळी, किरमिजी आणि पिवळी शाई उपसून काढली आणि त्या जागी करड्या शाया भरल्या. हा थ्रेड त्या खटाटोपाविषयी.

अडचण समजून घेतल्याशिवाय पुढची हकिकत कळणार नाही. साध्या रंगीत यंत्राजवळ करडा रंग नसतोच. एक तर त्याने केवळ काळ्या शाईचे ठिपके विरळ-दाट टाकावेत. मग आकाश, कपाळ, पांढरे सुती कापड अशा उजळ भागांत ते ठिपके वाळूच्या कणांसारखे डोळ्याला टोचतात. नाही तर तिन्ही रंग मोजून मिसळावेत आणि डोळ्याला करड्याचा भास घडवावा. हा भास प्रकाशागणिक बदलतो. दिव्याखाली तटस्थ दिसणारा चेहरा खिडकीजवळ नेला की हिरवट दिसू लागतो. एप्सनचे २००० साली आलेले स्टायलस फोटो २०००पी हे यंत्र टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईसाठी नावाजले गेले आणि याच हिरवटपणासाठी बदनामही झाले.

यंत्राशी दांडगाई करण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. गायक ग्रॅहम नॅश हे छायाचित्रकारही होते. त्यांनी आणि मॅक होलबर्ट यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे नॅश एडिशन्स ही छपाईशाळा काढली. त्यांचे आयरिस ३०४७ हे यंत्र मुळात छापखान्यांत मुद्रणापूर्वीचा नमुना काढण्यासाठी बनवलेले होते. किंमत १,२६,००० डॉलर. जाड कलाकागद त्यात मावेना, तेव्हा त्यांनी यंत्राला चक्क करवत लावली. हमी अर्थातच तिथेच संपली. तेच यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. करवतीचे तसे सार्थकच झाले म्हणायचे.

आयरिसची शाई मात्र उडून जाई. छापखान्यातला नमुना काम होईपर्यंत टिकला तरी पुरे. भिंतीवर लावायच्या चित्राचे तसे नसते. छायाचित्रांच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणारे हेन्री विल्हेल्म यांनी हा प्रश्न त्या दशकात सतत ऐरणीवर ठेवला.

व्हर्मॉन्टमधील मुद्रक जॉन कोन यांनी उत्तर वेगळ्या दिशेने शोधले. रंगांकडून करड्याचा भास घडवण्यापेक्षा काळ्याच शाईच्या पातळ-दाट अनेक छटा भराव्यात, ही त्यांची कल्पना. २००० साली त्यांनी एप्सनच्या यंत्रांसाठी ‘पीझोग्राफी’ बाजारात आणली. एप्सनच्या छपाईशीर्षात शाई तापवत नाहीत. विजेच्या दाबाने स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. या पीझो तत्त्वावरूनच ते नाव आले. उजळ भागात आता काळे विरळ ठिपके नकोत, फिकट करडे दाट ठिपके चालतात. कण दिसेनासे होतात आणि सावलीतले बारकावे उमटतात.

पालट करण्याची रीत सांगायला सोपी, करायला किचकट. आधी मूळ कार्ट्रिज काढायच्या, त्या जागी धुण्याच्या द्रवाने भरलेल्या बसवायच्या आणि नळ्यांतला उरलासुरला रंग निघेपर्यंत यंत्राकडून सफाई करून घ्यायची. मग निळ्याच्या खोबणीत गडद करडा, किरमिजीच्या जागी मध्यम, पिवळ्याच्या जागी फिकट, अशी काहीशी मांडणी. यंत्राला यातले काहीच कळत नाही. निळी शाई संपत आल्याचा इशारा ते इमानेइतबारे देत राहते.

खरा पेच इथेच आहे. एप्सनची मूळ प्रणाली अजूनही रंग मिसळण्याच्याच हिशेबाने थेंब सोडणार आणि चित्राच्या छटा विस्कटणार. म्हणून तिला बाजूला सारून प्रत्येक खोबणीवर थेट हुकूम चालवणारी संगणकप्रणाली लागते. पीझोग्राफीने सुरुवातीला स्वतःची दिली. नंतर रॉय हॅरिंग्टन यांची क्वाडटोन रिप पन्नास डॉलरांत मिळू लागली आणि हा खेळ सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला. प्रत्येक कागदासाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांची पट्टी छापायची, तिची घनता मोजायची आणि त्यानुसार वक्ररेषा बसवायची. धीर नसलेल्याने या वाटेला जाऊ नये.

शाईत होते काय? उत्तम काळ्या शाईचा गाभा कार्बन, म्हणजे सरळ भाषेत काजळी. महाराष्ट्रातल्या जुन्या पोथ्या ज्या काजळाच्या शाईने बोरूने लिहिल्या, तिचेच हे दूरचे भावंड. कार्बन प्रकाशाने विटत नाही; तीन-चारशे वर्षांची पोथी आजही काळीभोर दिसते ती त्यामुळेच. केवळ कार्बनची छटा मात्र किंचित तपकिरी असते. ती थंड करायची तर निळसर रंगद्रव्य मिसळावे लागते, आणि ते कार्बनाइतके टिकत नाही. पॉल रोआर्क यांच्यासारख्या प्रयोगकर्त्यांनी म्हणूनच निव्वळ कार्बनचा आग्रह धरला आणि आपली मिश्रणे सर्वांसाठी खुली केली.

कंपन्यांना हे रुचण्यासारखे नव्हते. त्यांची कमाई शाईवर होती. कार्ट्रिजवर चिप आली, ती परकी शाई ओळखू लागली. मग चिप पुन्हा ‘भरलेली’ दाखवणारी उपकरणे आली. विकत घेतलेल्या यंत्रावर मालकाचा हक्क किती, हा वाद त्या इवल्या चिपभोवती घुमत राहिला.

दरम्यान अंधारखोलीचाच पाया खचत होता. २००४ मध्ये इल्फर्डची ब्रिटिश कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, २००५ मध्ये आग्फाफोटो बुडाली, आणि त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल छायाचित्रकागदाचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. योगायोग असा, की २००५ मध्येच एप्सनने काळ्याच्या तीन छटा असलेली के३ शाई आणि खास कृष्णधवल छपाईची सोय आणली. बंडखोरांनी पाच वर्षे जे हाताने केले, त्यातले बरेच आता कारखान्यातूनच येऊ लागले. त्या सोयीतही छटा जुळवण्यासाठी थोडा रंग मिसळला जातोच. म्हणून कार्बनवाले जुनी यंत्रे सोडेनात. एकदा करडी झालेली यंत्रे त्यांनी पुन्हा रंगीत केली नाहीत. नळ्या परत धुण्यात जेवढी शाई वाया जाते, तेवढ्यात दुसरे जुने यंत्र घेणे बहुधा स्वस्त पडे.